सुटं टोक

एकदा डोंगरातल्या एका गावी काजूच्या एका व्यापाऱ्याने आपल्या चिरेबंदी घरात खोलीखोलीतून इंटरनेटची तार फिरवायचं ठरवलं. भिंती अशा जाड की वायफाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच दमायचं, आणि मोबाईलला रेंज हवी तर टेकडी चढावी लागे. राउटरच्या चारही खाचा भरलेल्या होत्या. तेव्हा एका तारेच्या अनेक करणारी पेटी, जिला स्विच म्हणतात, ती बसवायला गावातल्या एका वृद्ध जाणकाराचा शिष्य आला. त्या वृद्धाला सारं गाव अण्णा म्हणे. अण्णांशिवाय शिष्याचं हे पहिलंच काम होतं.

काम त्याने नेटकं केलं. टीव्ही, गोदामाचा कॅमेरा, प्रिंटर, मुलीचा संगणक, सारं सुरू झालं. कौतुकाचा चहा झाला. मग त्याने तारांचे तुकडे गोळा केले, पसारा आवरला आणि हात झटकले.

आणि साडेदहाला घरातलं सगळं एकदम ठप्प झालं.

अकरा वाजता व्यापाऱ्याच्या मुलीची मुलाखत होती. परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी तिने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"लाइनच गेली असणार," शिष्य म्हणाला. मग म्हणाला, "ताई, तुमच्या संगणकातच काहीतरी आहे." शेवटी नव्या कोऱ्या पेटीवर खापर फोडून मोकळा झाला. मुलीचे डोळे भरून आले. व्यापारी कडाडला, "अरे, चहा पिईपर्यंत चाललं होतं ना सगळं? जा, अण्णांना घेऊन ये!"

अण्णा आले तेव्हा दहा मिनिटं उरली होती. पेटीचे सगळे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते.

"शेवटी काय केलंस?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा. काम संपलंच होतं. नुसतं आवरलं."

अण्णांनी मान डोलावली आणि पेटीतल्या साऱ्या तारा भराभर उपटून काढल्या.

मुलगी किंचाळलीच. "आजोबा, हे काय करताय तुम्ही?" व्यापारी हात धरायला पुढे धावला. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असं क्षणभर शिष्याच्या मनात येऊन गेलं.

अण्णांनी राउटरकडून आलेली एक तार खोचली, मग मुलीच्या संगणकाची. आतून संगणक पुन्हा जोडला गेल्याचा सूर आला. मुलगी धावत आत गेली आणि दार लागलं.

मग अण्णांनी जमिनीवरच्या गुंत्यातलं एक टोक उचलून शिष्याला दिलं. "याचं दुसरं टोक शोध."

शिष्य रांगत निघाला. तार कपाटामागे गेली, वळली आणि फिरून पेटीपाशीच आली. दुसरं टोक अण्णांच्या मुठीत होतं.

शिष्याने हातातल्या टोकाकडे पाहिलं. "अण्णा, ही उरलेली तार... एक टोक मी आधीच तपासायला खोचलं होतं. आवरताना दुसरं सुटं दिसलं, खाच रिकामी होती. बरं दिसेना म्हणून तेही खोचलं."

"या पेटीचा धर्म एवढाच," अण्णा सावकाश म्हणाले, "एका दारातून हाक आली की ती बाकीच्या दारांतून पुढे द्यायची. तू तिची दोन दारं एकमेकांना जोडलीस. तिला स्वतःचीच हाक परत ऐकू आली. तिला वाटलं, कुणी नव्यानेच हाक मारतंय. तिने ती पुन्हा पुढे दिली, पुन्हा ऐकली. त्या कल्लोळात पोरीची हाक बुडून गेली." त्यांनी मुठीतलं टोक खाली ठेवलं. "आणि बाळा, इतका वेळ तूही तेच करत होतास. चूक लाइनची, संगणकाची, पेटीची. स्वतःच म्हणायचं, स्वतःच ऐकायचं. तुझ्या समोर ती पोर रडत होती, तेही तुला ऐकू आलं नाही."

अण्णांच्या बोलण्यापेक्षा, आपल्या नेटकेपणाने एका मुलीची दोन वर्षं बुडाली असती, या विचाराने शिष्य हादरला होता.

तासाभराने दार उघडलं. "झाली मुलाखत," मुलगी म्हणाली. "पहिल्या प्रश्नाला आवाज कापत होता, पण झाली. पण मला सांगा, बिघडलं काय होतं? माझा संगणक बदलायला हवा का?"

व्यापाऱ्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

"नाही, ताई," शिष्य म्हणाला. "तुमचा संगणक ठीक आहे. चूक माझ्या हातून झाली." आणि ती तार गुंडाळून त्याने पिशवीत टाकली.

आपल्या घरातही काही अडलं, की 'मी तर नुसतं आवरलं' असं जो म्हणतो, त्यानेच आधी खाली वाकून तार पाहावी.