कालकेतूचे आरसे आणि भामिनीचा चंडोल

एका राज्यात आरशावाचून कुणाचं पान हलत नसे. तळहाताएवढा आरसा ज्याच्या त्याच्या कमरेला; वाट विचारायची ती आरशाला, सांगावा धाडायचा तो आरशातून. आरसे घडवणारे कारागीर पुष्कळ होते, पण आरसा बोलका करणारं पाणी सगळे एकट्या कालकेतू मायावीकडूनच घेत. त्या पाण्याच्या प्रत्येक आरशात एक राघू आणि एक मैना आधीच बसलेली असत. राघू वाट सांगे, मैना निरोप नेई. त्यांना कुणी मागितलेलं नसे, आणि काढू म्हटलं तरी ती निघत नसत. दुसरं पाखरू आरशात सोडायला मनाई नव्हती, हे कालकेतू छातीवर हात ठेवून सांगे. फक्त ते पाखरू मागच्या अंधारात बसे, आणि बारा महिने ज्याला कुणी हाक मारली नाही, ते दगड होई.

भामिनी पाखरांना वाटा शिकवी. तिच्या चंडोलाला घाटातली पायवाट न् पायवाट ठाऊक होती. कुणीही हाक मारावी, त्याच्या आरशात तो हजर. पण हाक मारायचं लोकांच्या ध्यानातच येईना. तिची धाकटी बहीण वनमाला पुराच्या दिवसांत तिच्याकडे यायला निघाली. घाईत तिने आरशाला वाट विचारली, पुढे बसलेला राघू बोलला, आणि नेहमीप्रमाणे त्याने कालकेतूच्या धर्मशाळेवरून जाणारी वाट सांगितली. त्या वाटेवरचा उतार पाण्याखाली गेला होता. वनमालेचं प्रेतसुद्धा सापडलं नाही.

त्याला अकरा महिने झाले. तेवढ्या दिवसांत चंडोलाला एकही हाक आली नव्हती; त्याचे पाय दगड झाले होते. तो गेला की घाटाच्या वाटाही जाणार होत्या, आणि मग प्रत्येक पुरात कुणाची ना कुणाची वनमाला बुडणार होती. भामिनी त्याला पदराखाली घेऊन अरिंजय राजापुढे उभी राहिली, आणि आरशात कोणतं पाखरू बसवायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या, म्हणाली.

कालकेतू तिथेच बसला होता. त्याने शांतपणे सांगितलं, की पाखरं तो फुकट देतो, प्रजा सुखी आहे, आणि पाखरू उपटलं तर आरसा फुटतो.

राजा म्हणाला, "बाई, तीन गोष्टी आण. पाखरू नसलेला आरसा. कालकेतूचं पाणी घेताना कारागीर घेतात ती शपथ. आणि पाखरू काढून आरसा शाबूत राहतो याची खूण. नाही आणल्यास हा विषय पुन्हा काढू नकोस."

पाखरू नसलेला आरसा विश्वंभर कारागिराकडे निघाला. त्याने झऱ्याच्या पाण्यावर एकच आरसा बोलका केला होता. त्याच दिवशी कालकेतूने त्याचं पाणी तोडलं. भट्टी विझली, कामगार पांगले. "घेऊन जा," तो म्हणाला, "माझ्याजवळ घालवायला आता काही उरलं नाही."

शपथ कालकेतूच्या वेशीवर कोरलेली होती, मोहरीहून बारीक अक्षरांत. आत जाणाऱ्याने तिला हात लावून 'मान्य' म्हणायचं, असा रिवाज होता. तीन पिढ्या कारागीर 'मान्य' म्हणत आत गेले होते. वाचली कुणीच नव्हती. आपल्या लोकांची ही जुनी खोड, थांबायला कुणाला फुरसत नसते. भामिनी सात दिवस वेशीपाशी उभी राहून वाचत होती. तेव्हा कळलं ते असं: जो कालकेतूचं पाणी घेईल, त्याने त्याची सगळी पाखरं घ्यावीत, ती पुढेच बसवावीत, आणि दुसऱ्या पाण्याचा आरसा जन्मात घडवू नये. तिने शब्दन् शब्द उतरवला. सातव्या दिवशी तिचा डावा डोळा गेला.

तिसरी गोष्ट कुठेच मिळेना. शेवटी तिने आपल्याच आरशातल्या मैनेला विचारलं.

मैना आरशाच्या काठापाशी आली. मग म्हणाली, "त्याच्या स्वतःच्या आरशात एकही पाखरू नाही. त्याने आम्हाला तिथून काढलं, आणि आरशाला तडाही गेला नाही." एवढं बोलली आणि चोचीपासून शेपटीपर्यंत दगड झाली. धन्याचं गुपित फोडणाऱ्या पाखराला हीच शिक्षा होती.

भामिनीने दरबारात विश्वंभराचा आरसा ठेवला, शपथ वाचली, आणि एवढंच मागितलं, की कालकेतूने आपला आरसा दाखवावा. तो उठून जाऊ लागला. राजाने दारं लावायला सांगितली. आरसा निघाला, अखंड होता, आणि आत कुणी नव्हतं.

त्याच घटकेला शपथ रद्द झाली. कुठल्याही झऱ्याचं पाणी वापरण्याची मुभा सर्वांना मिळाली, विश्वंभराची भट्टी पेटली. यापुढे प्रत्येक आरसा हाती घेताच आधी विचारील, 'कुणाला बसवू?' आणि सगळ्या पाखरांची नावं दाखवील, असा हुकूम निघाला.

आणि लोकांनी काय करावं? दहांतल्या नऊंनी पुन्हा राघूलाच बसवलं, तोंडात बसलेलं नाव म्हणून. दहाव्याने भलतंच कुणी. चंडोलाचा दगड गळ्यापर्यंत चढला. बारा महिन्यांतला एक दिवस उरला होता. भामिनी घाटमाथ्यावर त्याला मांडीवर घेऊन बसली. आता वाचायला, मागायला काहीच उरलं नव्हतं.

दुपारी चंडोल बोलू लागला. खाली कुणीतरी त्याला हाक मारली होती. डावीकडे वळ, पिंपळापाशी चढ, पाण्याला शिवू नकोस, असं तो सांगत गेला, आणि दगड खपल्यांनी गळत गेला.

संध्याकाळी एक बाई माथ्यावर पोचली, पाठीशी तान्हं बांधलेलं. भामिनीने तिला विचारलं, इतक्या पाखरांत चंडोलच का?

"आरशाने विचारलं," ती म्हणाली. "आजवर कुणी मला विचारलं नव्हतं. म्हणून थांबले, आणि सगळी नावं वाचली. घाटाच्या वाटांचा हा एकटाच निघाला."

भामिनीने तिला पाणी दिलं, तान्ह्याला मांडीवर घेतलं, आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.