न बसणारा तुकडा

कोकणातल्या एका शाळेत मुलांची बुद्धी मोजायला डॉक्टर सबनीस येत. त्यांचा दरारा असा, की त्यांनी मंद म्हटलं की त्या मुलाला शाळा सोडावी लागे.

यंदा त्यांनी सात वर्षांच्या शर्वाणीपुढे एक लाकडी फळी ठेवली. फळीला निरनिराळ्या आकारांच्या खाचा होत्या आणि शेजारच्या पेटीत त्यांत बसवायचे तुकडे.

"प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बसव," ते म्हणाले.

शर्वाणीने भराभर तुकडे बसवले. शेवटचा मात्र हातात घेऊन ती नुसती बघत राहिली. वेळ संपली.

"मंद आहे. हिला इथून काढा," डॉक्टरांनी मुख्याध्यापिका खानोलकर बाईंना सांगितलं. दाराशी उभ्या आईचे डोळे भरून आले.

"हा इथला नाहीच," शर्वाणी म्हणाली आणि तिने तुकडा पुढे केला. "सर, तुम्ही बसवून बघा ना."

डॉक्टर हसले. त्यांनी तुकडा खाचेत ठेवला, फिरवला, उलटा केला, अंगठ्याने दाबला. तो काही बसेना. पेटी भरताना दुसऱ्या फळीचा तुकडा यात आला होता.

शर्वाणीने हळूच विचारलं, "सर, तुकडा बसत नाही म्हणून त्याला मंद म्हणायचं, की त्याची फळी शोधायची?"

डॉक्टर थक्क होऊन त्या एवढ्याशा पोरीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले.

"बाई," ते म्हणाले, "आजवर मी काढायला लावलेली सगळी मुलं परत बोलवा. मला त्यांना पुन्हा भेटायचंय."