कारभारणीची मुकी अष्टमी

फार वर्षांमागे, ऐका, समुद्राच्या काठी एक मिठागर होतं. शंभर माणसं तिथं राबायची आणि एकाच बांधाच्या भरवशावर जगायची. बांधाच्या आत पांढरंशुभ्र मीठ, बाहेर समुद्र.

तिथली कारभारीण मोठी व्रतस्थ. दर वद्य अष्टमीला ती मौन पाळी. सूर्य मावळेपर्यंत ओठ उघडत नसे. बारा वर्षांत कधी खंड नव्हता.

एका पुनवेला उधाण आलं, बांध फुटला, चार वाफ्यांचं मीठ वाहून गेलं. मालक म्हणाला, "बाई, येत्या अवसेला याहून मोठं उधाण आहे. त्याआधी सगळ्यांना एकत्र बसव आणि बांध कुठं भरायचा ते ठरवा. पुन्हा फुटला तर हे आगर मी समुद्रालाच देऊन टाकीन."

शंभर चुलींचा प्रश्न होता.

बैठक आजवर पुनवेलाच भरायची, भर दुपारी. दिवस शुभ. नारळ फुटायचा, कारभारीण बोलायची, माणसं माना डोलवायची. तरी निम्मी जागा रिकामी. ती का, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

या खेपेला तिनं पदर खोचला आणि वाफ्यावाफ्यानं फिरली. "कधी येशील?" असं नाही विचारलं. म्हणाली, "कधी जमणार नाही, तेवढं सांग."

मीठ ओढणारे म्हणाले, "सकाळी नको." पाट्या वाहणाऱ्या बाया म्हणाल्या, "ऐन दुपारी नको, लेकरं भुकेजतात." होडीवाले म्हणाले, "भरतीला नको."

शेवटी ती उघाडीपाशी आली. उघाडी म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारं बांधातलं दार. ते राखणारा म्हातारा तोंडभर हसला.

"बैठक? तीस वर्षं झाली बाय, मला तिथला खोबऱ्याचा तुकडा तेवढा ठाऊक. तोही दुसऱ्या दिवशीचा! पुनवेला भर दुपारी भरती. दार सोडून येऊ कसा?"

कारभारीण खाली मान घालून घरी आली. भिंतीवर तिनं कोळशानं पंधरा रेघा ओढल्या, तिथीगणिक एक. सकाळ आणि ऐन दुपार गेली, उन्हं कलतानाची वेळ उरली. मग ज्या तिथीला भरतीची अडचण, ती रेघ ओल्या बोटानं पुसली. उरली एकच. वद्य अष्टमी, उन्हं कलताना. त्या दिवशी भरतीला जोर नसतो, दार सोडून येता येतं.

आणि नेमकं त्याच दिवशी तिचं मौन!

तिनं देवापुढे हात जोडले. "देवा, दिवस माझ्या सोयीचा नाही, त्यांच्या सोयीचा आहे. माझे शब्द तू ठेवून घे, त्यांचे त्यांना दे."

पाणवठ्यावर बाया हसल्या. "ऐकलंत का गं? मुकी बाई बैठक चालवणार!"

अष्टमी आली. शंभरच्या शंभर माणसं आली. कारभारणीनं सगळ्यांना बसवलं, नारळ म्हाताऱ्याच्या हाती दिला आणि गप्प बसली. माणसं वाट बघू लागली. ती बोलेना. कुणी खोकलं, कुणी पागोटं सारखं केलं. शेवटी म्हाताराच चाचरत म्हणाला, "पश्चिमेचा बांध ओला दिसतो, म्हणून तुम्ही तिथंच माती टाकता. पण पोकळ आहे ते उत्तरेचं वळण. चिंबोऱ्यांनी नांग्यांनी पोखरून बिळं केलीत आत. ओहोटीला रोज गळताना बघतो मी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" कुणीतरी ओरडलं.

"बैठकीला होतो कुठं?"

मग बिळं किती खोल, माती कुठली, दगड कोण आणणार, जो तो बोलू लागला. दिवस मावळायच्या आत कामं वाटलीसुद्धा.

अवसेला भर दुपारी समुद्र बांधाच्या माथ्याला लागला. माणसं हात जोडून उभी होती. पाणी थबकलं, घटकाभर थांबलं आणि मागं फिरलं. वळण तसूभर हललं नाही.

मालक कारभारणीला म्हणाला, "बाई, एक शब्द न बोलता आगर राखलंस."

"मी नाही," ती म्हणाली. "अष्टमीनं."

त्यांचा बांध टिकला, तसा तुमचा आमचा टिको.

तात्पर्य : वेळ सर्वांच्या सोयीची धरावी आणि मग आपण ऐकावं, म्हणजे राखणारा शब्द आपोआप कानी येतो.