मिर्याम विहीर आणि पंचांच्या तीन चुळा

विषय : मौजे कोळदरा येथे मुलीच्या बाप्तिस्म्यापूर्वी मंडळीच्या पंचांनी चर्चमागच्या विहिरीवर तीन चुळा भरण्याच्या प्रथेबाबत.

विहीर जागेवर आहे. काठावरची जमीन चुळांनी कायम ओली असते. पाहुण्यांना ती दाखवताना एलीशा तुपे आजोबांचा आवाज ब्याऐंशीव्या वर्षीही चढतो. ते सांगतात ते असे.

फार पूर्वी ही विहीर नुकतीच खोदून झाली होती. आसपासच्या साऱ्या विहिरी मचूळ, हिलाच म्हणे गोडे पाणी लागले. त्याच सुमारास भागूबाई पारखे हिला मुलगी झाली. आधीची दोन बाळे महिन्याच्या आत गेली होती. पोटुशी असतानाच भागूबाईने देवाला शब्द दिला होता, की मुलगी होऊन जगली तर नाव मिर्याम ठेवीन. बाळ मोशेला पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवले, तेव्हा दूर उभी राहून जिने त्याच्यावर नजर ठेवली, ती त्याची थोरली बहीण मिर्याम. आपल्या पोरीवरही अशीच कुणाची तरी नजर असावी, एवढेच भागूबाईला हवे होते.

चाळिसाव्या दिवशी ती बाळ घेऊन चर्चमध्ये गेली आणि घोळ सुरू झाला. शाळेच्या मास्तरांनी ग्रंथ काढून सांगितले, मिर्याम म्हणजे कडू. पाळकसाहेब म्हणाले, छे, बंडखोर. त्यांच्याकडे दुसरेही पुस्तक होते. त्यात शब्द मूळचा मिसर देशातला आणि अर्थ लाडकी. पुस्तके दोन असल्यामुळे पाळकसाहेबांची मतेही दोन होती. पंचांतले थोरले सावळाराम यांना पुस्तकांची गरज नव्हती.

"असलं कडू नाव ह्या पाण्यानं ठेवलं तर विहीर कडू व्हायची," ते म्हणाले. "रूथ ठेव."

"रूथ तुमच्या नातीचं ठेवा, मामा. मी देवाला शब्द दिलाय. उद्या हिला काही झालं तर तुम्ही भरून देणार?"

विहिरीची धास्ती भागूबाईलाही होती. सारे गाव तिच्यावरच पाणी भरत होते. पण गेलेल्या दोन बाळांची दुपटी अजून तिच्या पेटीत घडी घालून ठेवलेली होती. ती म्हणाली, "काठावर चला. नाव ठेवा अन् लगेच पाणी चाखा. कडू लागलं तर पोरीला घेऊन मी गाव सोडते."

गाव धावले. चुलीवरच्या भाकरी चुलीवर राहिल्या. पाळकसाहेबांनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातले, "मिर्याम!" म्हणून मोठ्याने पुकारले, आणि पोहरा विहिरीत गेला. वर आला. सावळारामांनी घोट घेतला.

"कडू! कडूजहर!"

बायकांनी रडायला सुरुवात केली. भागूबाईने बाळ छातीशी घट्ट धरले आणि वाटेला लागण्याआधी मामांच्या तोंडाकडे एकदा पाहिले. त्यांच्या गालात काहीतरी फिरत होते.

"मामा, आ करा."

कडुनिंबाची काडी निघाली. सकाळपासून ते ती चघळत होते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे ती तोंडात आहे हे त्यांच्या गावीही नव्हते, असे सांगतात.

"आधी चुळा भरा," भागूबाई कडाडली, "मग माझ्या लेकीला नावं ठेवा!"

मामांनी निमूटपणे तीन चुळा भरल्या. पुन्हा घोट घेतला. मग सबंध पोहराच तोंडाला लावला आणि दाढीवरून पाणी निथळत असताना म्हणाले, "गोड हाय गं पोरी. लई गोड हाय." गावाने आरोळ्या ठोकल्या, त्या म्हणे शेजारच्या गावात ऐकू गेल्या. मिर्याम नव्वद वर्षे जगली. तिच्या पाठीवर पाच भावंडे झाली, आणि तिच्या राखणीत पाचही वाढली.

आजही कोळदऱ्यात मुलीचे नाव काहीही ठरो, तीन चुळा भरल्याशिवाय पंचांना त्यावर मत देता येत नाही. नावाच्या अर्थाचा निकाल मात्र लागलेला नाही. विहिरीवर अर्थासह फलक लावावा, असा एलीशा आजोबांचा अर्ज मंडळीच्या कार्यालयात दाखल आहे. कडू, बंडखोर व लाडकी हे तीन अर्थ त्यात नमूद असून 'राखण करणारी' हा चौथा त्यांनी भागूबाईच्या वतीने जोडला आहे. चौथ्याला ग्रंथाचा आधार मागण्यात आला. आजोबांनी विहिरीचे पाणी बाटलीत भरून पाठवले. बाटलीची पोच मिळाली आहे. अर्ज विचाराधीन आहे.