सटवा भोयाची शंका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मांदळी नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि पूल म्हणजे काय हे नदीकाठी कुणाला ठाऊकही नव्हतं. अलीकडे उंबर्ली, पलीकडे केळशेत आणि मधे नदी. इकडून तिकडे जायचं तर एकच नाव आणि एकच नावाडी. त्याचं नाव सटवा भोई.

सटवाच्या आधी त्याच्या आईची दोन मुलं जन्मल्यावर पाचवी पुजायच्या आतच गेली होती. तिसऱ्या वेळी तिनं सटवाईला नवस केला, मूल जगलं, म्हणून नाव सटवा. देवीनं दिलेला मुलगा. पण हा मुलगा बोलायला लागला तसा विचारायलाही लागला. सहा-सात वर्षांचा असताना एकदा चुलीपुढं बसून त्यानं विचारलं, "आये, मला सटवाईनं जगवलं. मग माझ्या आधीच्या दोघांच्या वेळी ती कुठं गेली हुती?"

तव्यावरची भाकरी करपली, पण उत्तर आलं नाही. आईनं त्याला नुसतं जवळ ओढून घेतलं. सटवाला ते ओढणं जन्मभर आठवत राहिलं, आणि न मिळालेलं उत्तरही.

बापानं त्याला नाव चालवायला शिकवली. पंधरा हात लांब वेळूची काठी हातात दिली आणि सांगितलं, "पाणी वरून एक दिसतं अन् खाली एक असतं. कुणी कितीबी सांगू दे, काठी टेकल्याबिगर पुढं जायचं न्हाई." सटवानं हे नावेपुरतं ठेवलं नाही. तो सगळ्याच गोष्टींना काठी लावून बघायला लागला. भुताला, शकुनाला, आणि देवालाही.

लोक नावेत बसून त्याला डिवचायचे. "सटवा, देवीवर तुझा इश्वास हाय का न्हाई रं?"

तो म्हणायचा, "माझी काठी तितवर पोचली न्हाई. म्हणून हाय म्हणत न्हाई, अन् न्हाई बी म्हणत न्हाई."

कुणी हसायचं, कुणी कानावर हात ठेवायचं. पण उतरून कुणी जायचं नाही. तेवीस वर्षांत त्याच्या नावेतून एक कोंबडीसुद्धा बुडाली नव्हती. असं म्हणतात, की पाण्यात नुसतं बोट बुडवून सटवा सांगायचा, वरच्या अंगाला आज कुणाच्या शेतात नांगर फिरला ते.

उंबर्लीच्या घाटावर मांदळाईचं देऊळ होतं. चिरेबंदी घाटाच्या सात पायऱ्या नदीत उतरलेल्या, आणि वर देवी. तिची पूजा करायची चिमाई गुरवीण. नवरा गेल्यापासून तीच सगळं बघायची. साठीची बाई, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. देवीशी ती घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. "आज फुलं कमीच मिळाली बाई, भागवून घे," म्हणायची आणि समई लावायची.

सटवा कधी देवळाची पायरी चढला नाही. चिमाईनं त्याला कधी चढायला सांगितलंही नाही.

भाद्रपदातल्या शेवटच्या मंगळवारी मांदळाई पालखीत बसून, नदी ओलांडून, केळशेतला आपल्या बहिणीला, केळाईला भेटायला जायची. नदीच्या मधोमध एक बेट होतं. बोडकं, खडकाळ, एकच जांभळीचं झाड असलेलं. त्या दिवशी नऊ सवाष्णी सकाळीच तिथं जाऊन बसायच्या, आणि पालखीची नाव आली की देवीला ओवाळायच्या. मग नाव पुढं जायची. असं कित्येक पिढ्या चाललं होतं.

त्या वर्षीही सटवानं उजाडताच दोन खेपांत नऊ जणींना बेटावर सोडलं. त्यांत हिंदुराव पाटलाची नवी सून होती, आनसा. लग्नाला चार महिने झालेली, पहिल्यांदाच ओवाळायला निघालेली, म्हणून नावेत बसल्यापासून आरतीचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

सटवा परत आला आणि घाटाला नाव बांधून बसला. उन्हं वर आली. बघता बघता नदी उतरायला लागली. बोटभर उतरली, वीतभर उतरली, मग हातभर उतरली. एरवी पाण्याखाली असणारी सातवी पायरी उघडी पडली आणि तिच्यावरचं शेवाळ उन्हात चमकायला लागलं.

तोवर वाजतगाजत पालखी घाटावर आली. उतरलेलं पाणी बघून लोकांनी एकच जल्लोष केला. हिंदुराव पाटील पुढं झाले. माणूस वाईट नव्हता, पण गावापुढं आपला शब्द खाली पडू द्यायचा नाही ही त्यांची खोड होती. ते म्हणाले, "सटवा, लई दिस पुरावा मागत हुतास न्हवं? हा बघ पुरावा! आईनं आपल्यासाठी वाट केली. चल, सोड नाव."

सटवानं नाव सोडली नाही. तो वरच्या डोंगराकडे बघत होता. गावावर लख्ख ऊन होतं, पण डोंगराच्या माथ्यावर तीन दिवस काळंभोर आभाळ बसलं होतं.

"पाटील, डोंगरावर पाऊस थांबला न्हाई अन् नदी उतरतीया. मग पाणी गेलं कुठं?"

"देवीनं मागं सारलं."

"कुणीबी सारलेलं असू दे. वर कुठंतरी कडा कोसळून पाणी तुंबलंय. ते सुटंल तवा एकदम सुटंल. पालखी पाण्यात घालू नका. मला आधी त्या बाया माघारी आणू द्या."

"पालखीच्या आधी मोकळी नाव सोडायची? आजच्या दिवशी?" पाटलांनी नावेचा दोर पायाखाली दाबला. "कडा कोसळलेला तू बघितलास?"

"न्हाई."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"म्हंजे पुरावा न्हाई!" पाटील लोकांकडे वळून म्हणाले, आणि सगळा घाट हसला.

जन्मभर सटवा दुसऱ्याला जे विचारत आला, तेच आज त्याला विचारलं गेलं होतं. त्याला दिसत होतं ते लोकांना दिसत नव्हतं, आणि दाखवायला त्याच्या हातात काहीच नव्हतं. बेटावरून आनसा पदर हलवून हाका मारत होती. पालखी का थांबली, हे तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात पालखीमागून चिमाई पुढं आली. तिनं सटवाच्या तोंडाकडं बघितलं.

"सटवा, तुला जे दिसतंय ते मला दिसत न्हाई. मग मी तुझं का ऐकू?"

सटवा म्हणाला, "तेवीस वर्सं मला बघतीयास, चिमाई. दुसरं काय सांगू?"

चिमाईनं मान हलवली. "व्हय. माझं बी देवीशी असंच हाय. चाळीस वर्सं बघतीया मी तिला." मग ती पालखी वाहणाऱ्या भोयांकडं वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पालखी खाली ठेवा."

"मुहूर्त टळंल!" पाटील ओरडले.

"टळू दे. मुहूर्त टळला म्हणून रुसणारी ती न्हवं. अन् पाणी उतरलं तरच ती हाय, असं तुमी म्हणता व्हय? उद्या पाणी चढलं, तर काय ती न्हाई म्हणणार? पाय काढा दोरावरनं."

गुरविणीनं पालखी खाली ठेवायला सांगितल्यावर कोण काय बोलणार? भोयांनी पालखी टेकवली. पाटलांनी पाय काढला. सटवानं नाव ढकलली, तशी चिमाई पूजेचा तांब्या हातात घेऊन तिच्यात चढून बसली.

"तू कशाला?"

"तुझ्या नावंला पाणी लागलं तर उपसाया एक माणूस हवं का नको?"

बेटावर पोचायला वेळ लागला नाही. पण सवाष्णी नावेत बसायला तयार होईनात. देवी आली नाही, ओवाळणी झाली नाही, तशा कशा परतणार? चिमाई म्हणाली, "देवी घाटावर वाट बघत बसलीया. तिथंच ओवाळा." मग बसल्या. नाव सहा जणांची, पण दुसऱ्या खेपेला वेळ नव्हता; बसले अकरा. नावेच्या कडा पाण्याला टेकल्या.

ते अर्ध्यात आले आणि आधी आवाज आला. डोंगरातून कुणी गाड्याच्या गाड्या दगड ओतावेत तसा. मग वळणावर पाणी दिसलं. लाल, उभं, झाडं घेऊन येणारं. असं म्हणतात, की त्या पाण्याच्या माथ्यावर एक अख्खा उंबर उभाच्या उभा चालत आला, आणि त्याच्यावरचे बगळे उडालेसुद्धा नाहीत.

पहिल्याच लोंढ्यानं नाव भोवऱ्यासारखी फिरवली. बायका एकमेकींना धरून खाली बसल्या. चिमाई तांब्यातांब्यानं पाणी बाहेर फेकत होती. तिनं देवीचं नाव घेतलं नाही, हात जोडले नाहीत. तिच्या हातांना सवड नव्हती. सटवानं काठी घातली, ती हातापर्यंत आत गेली. दुसऱ्या बाजूला घातली, तीही तशीच गेली. घाट मागं पडत चालला होता, आणि पुढं नदीत नुसते खडकांचे सुळके होते.

"चिमाई, तळ न्हाई!"

"टेकव."

"तळ न्हाई म्हणतोय न्हवं!"

"ऐकलं मी. टेकव!"

सटवानं तिच्याकडं बघितलं. तेवीस वर्षांत त्यानं न कळणाऱ्या पाण्यात कधी जोर लावला नव्हता. न टेकलेल्या काठीवर भार टाकला की नावाडी आधी जातो आणि नाव मागून, हे बापानं घोकून घेतलेलं. पण नावेत नऊ लेकीसुना होत्या, आणि एक म्हातारी त्याच्या शब्दावर येऊन बसली होती. त्यानं काठी उचलली, सगळं अंग तिच्यावर टाकलं आणि डोळे मिटले.

काठी टेकली.

सात पुरुष खोल, म्हणजे पंचवीस-तीस हात पाण्यात पंधरा हातांची काठी टेकली. दगडावर टेकावी तशी, ठणकन्. नाव जागच्या जागी थांबली, तिरकी झाली आणि मुख्य धारेतून सुटून घाटामागच्या निवांत पाण्यात शिरली. लोकांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून तिला ओढून घेतलं. पाटलांनी सुनेला नावेतून उतरवलं, तेव्हा आनसाच्या हातांत आरतीचं ताट तसंच होतं. भिजलेलं, पण सुटलेलं नव्हतं. मग पाटलांनी नावेचा दोर आपल्या हातानं घाटाला बांधला.

थोड्या वेळानं बेट दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा जांभळीचं झाड नव्हतं, बेटही अर्धंच उरलं होतं.

काठी कशावर टेकली? कुणी म्हणतात, डोंगरातला कोसळलेला कडा लोळत येऊन नेमका तिथं अडला होता. कुणी म्हणतात, मांदळाईनं पाण्याखाली तळहात धरला. केळशेतचे लोक म्हणतात, तो हात केळाईचा, कारण बहीण वाट बघत होती.

सटवाला विचारलं की तो म्हणायचा, "टेकली एवढं खरं. कशावर टेकली ते दिसलं न्हाई. माझे डोळे मिटले हुते." पाणी उतरल्यावर तो सात दिवस त्याच जागी काठी घालत हिंडला. आठव्या दिवशी पहिल्यांदाच देवळाच्या पायऱ्या चढला आणि उंबऱ्याबाहेर बसला. चिमाई वाती वळत होती.

"सांगू का, तिथं काय घावलं ते?"

"तुला सांगायचं असंल तर सांग. माझं काय त्याच्यावर अडलेलं न्हाई."

"दगड असंल तर?"

"मग दगड वेळेवर आला म्हणायचं."

"अन् काहीच नसंल तर?"

चिमाईनं वात समईत सोडली. "तर तू डोळे मिटून भार टाकलास, सटवा. माझ्या देवीवर टाकलास का माझ्या बोलण्यावर, ते तुझं तुला ठावं. पण शोधायचं सोडू नकोस. शोधतोस म्हणून तर त्या दिशी तुला वरचं पाणी कळलं."

सटवा बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसला. त्यानं हात जोडले नाहीत, तिनं जोडायला सांगितलं नाही. पुढं वीस वर्षं दर मंगळवारी तो त्या उंबऱ्याबाहेर येऊन बसायचा आणि दोघं भांडायची. भांडण ऐकायला लोक जमायचे. असं म्हणतात, की त्या वीस वर्षांत मांदळीला एकदाही पूर आला नाही. नदीसुद्धा काठाशी येऊन ऐकत थांबायची.

पुराच्या दुसऱ्या वर्षी हिंदुराव पाटलांनी भर गावात आपला शब्द मागं घेतला आणि एक रीत घालून दिली. आज नदीवर पूल आहे, नाव नाही, भोयांची मुलं शहरात गेली. पण रीत चालू आहे. भाद्रपदातल्या शेवटच्या मंगळवारी पालखी घाटावर येते आणि खाली टेकवतात. वाद्यं थांबतात. पुजारी तीनदा विचारतो, "सटवाच्या नावानं विचारतो, कुणाला काही शंका?" ज्याला असेल त्यानं पुढं यायचं. लहान, थोर, बाई, बाप्या, गावचा, परका, कुणीही. हसायचं नाही, रागवायचं नाही. शंकेचं उत्तर द्यायचं, आणि उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगायचं. तोवर पालखी उचलायची नाही.

मागं एकदा सुताराची सहा वर्षांची पोर, रंगू, पुढं आली. म्हणाली, "दर वर्षी आपलीच देवी का जाते? तिची बहीण का येत नाही?"

पुजाऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. जाणत्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. पालखी दुपारपर्यंत घाटावर बसून राहिली. शेवटी दोन माणसं पुलावरून केळशेतला गेली आणि तिथल्या लोकांना विचारून आली. ते म्हणाले, "आमास्नी कुणी बोलावलंच न्हाई."

तेव्हापासून एक वर्ष मांदळाई जाते आणि एक वर्ष केळाई येते. ती येते त्या वर्षी पुलाच्या अलीकडच्या टोकाशी तिला ओवाळायचा पहिला मान सुताराच्या घरचा असतो.