चिंचोक्यांच्या दोन वाट्या

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंशी खोटं बोलली. खोटं तसं किरकोळच होतं. "काही नाही आप्पा, डोळ्यात कचरा गेलाय," एवढंच म्हणून ती ओढणीच्या टोकानं डोळे पुसू लागली. पण माणूस किरकोळ खोटं बोलतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा मोठं भय दडलेलं असतं. म्हणून आपल्यालाही त्या कचऱ्यापासूनच सुरुवात करायला हवी.

शिष्येचं नाव चारुता. वय तेहतिशीचं, काम भाषांतराचं. गुरू म्हणजे सारी हयात दोन भाषांच्या मधल्या पायवाटेवर घालवलेले एक वृद्ध अनुवादक. सारं गाव त्यांना आप्पा म्हणे. चारुता संगणकावर भाषांतर करी, आप्पा त्याची छापील प्रत हातात घेऊन शब्द न् शब्द तपासत. त्यांच्याकडे शिकायचं तर दोन नियम पाळावे लागत. पहिला, बसायचं ते त्यांच्या डाव्या हाताला. उजवीकडे कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. का, ते कुणी विचारलं नाही. म्हातारपणी माणसाला एखादी खोड असायचीच! दुसरा नियम मात्र ते रोज बोलून दाखवत: "शंका अंगावर काढायची नाही. शंका आली, की कोश उघडायचा."

चारुता चार वर्षं हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळत होती. साध्या 'किंचित' शब्दासाठीही ती उठून कोश चाळी. पण गेल्या दिवाळीपासून तिच्या मनात एक शंका शिरली होती आणि त्या शंकेसाठी तिनं कुठलाही कोश उघडला नव्हता.

दुपार कलली, की पडद्यावरची अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी पसरत. डोळ्यांत वाळू सारल्यासारखं खुपे. मग ती अक्षरं मोठी करी, पडद्याच्या आणखी जवळ सरके आणि नेटानं काम रेटी. रोज सकाळी उठल्या उठल्या ती एक डोळा हातानं झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली बारीक अक्षरं वाचून बघे, मग दुसरा डोळा झाकून. वाचता आली, की सुटकेचा निःश्वास टाकी. एखादं अक्षर अडलं, की दिवसभर पुन्हा पुन्हा येऊन तेच वाचून बघे.

याला कारण तिचे वडील. ती शाळेत असताना एका संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते. समोर दिवा जळत होता. आणि ते तिला म्हणाले, "चारू, अगं तिन्हीसांजा झाल्या, दिवा नाही लावलास?" त्या वेळी ती हसली होती. बाबा चेष्टा करताहेत, असंच तिला वाटलं. तो काचबिंदू होता आणि ध्यानात आला तोवर फार उशीर झाला होता. आता इतक्या वर्षांनी रोज दिवेलागणीला दिव्याचं बटण दाबण्याआधी चारुता थबके. दिवा लागला आणि मला दिसलाच नाही तर? डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारावरून ती दोनदा परत आली होती. आत गेलं आणि त्यांनी बाबांच्याच दुखण्याचं नाव घेतलं, तर? पुढे खायचं काय, आणि त्याहून, वाचायचं काय?

अशात एक औषधांचा व्यापारी आला. तान्ह्या बाळांना पाजायच्या औषधाचं हिंदी माहितीपत्रक त्यानं आणलं होतं. जुन्या कागदावरून उतरवलेली अंधूक प्रत होती ती. "बाई, मराठी करून द्या. छापखाना खोळंबलाय माझा," म्हणाला. चारुतानं दोन दिवस मान वर न करता काम केलं आणि प्रत आप्पांच्या हाती ठेवली.

आप्पांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग प्रत घडी करून उशाखाली सारली आणि म्हणाले, "छापखान्याला म्हणावं, उद्यापर्यंत थांब. आणि चारू, स्वयंपाकघरातून चिंचोक्यांचा डबा आण. दोन वाट्याही आण."

तिला काही उमजेना. चिंचोके कशाला? आप्पांनी डबा मांडीवर घेतला, तिला समोर बसवलं आणि चहा पिता पिता भलत्याच गप्पा काढल्या. मावशीकडचं लग्न कसं झालं, पुरणपोळ्या फुटल्या त्या कुणाच्या, असल्या. ती बोलत होती आणि आप्पा तिच्या तोंडाकडे बघत एकेक चिंचोका वाटीत टाकत होते. टक्. टक्. टक्. घड्याळात पाच मिनिटं झाली तशी त्यांनी ती वाटी बाजूला सारली. "आता काम कर. नवं काहीतरी उघड आणि कर भाषांतर. माझ्याकडे बघू नकोस."

चारुता पडद्यासमोर बसली. बाजूनं पुन्हा चिंचोका पडला. टक्. आप्पा चुका मोजताहेत! त्यांना कळलंय. आता वाटी भरेल आणि आप्पा म्हणतील, पोरी, हे काम तुझ्यानं होणार नाही. तिनं डोळे आणखी ताणले. पडद्याला नाक लागेल इतकी ती पुढे झुकली. डोळ्यांची आग होत होती, पण तिनं मान हलवली नाही. बाजूनं चिंचोका पडायचा थांबला. कितीतरी वेळ पडलाच नाही. ते थांबणं तिला जास्तच भयंकर वाटलं.

"बस झालं," आप्पा म्हणाले. "इकडे ये. बघ."

एक वाटी जवळजवळ भरली होती. दुसरीच्या बुडाला मोजके पंधरा-वीस चिंचोके पडले होते.

"माझ्या इतक्या चुका झाल्या?" तिनं भरलेल्या वाटीकडे बघून विचारलं.

"चुका कसल्या, वेडे! तुझी पापणी लवली, की मी एक चिंचोका टाकत होतो. ही वाटी गप्पांची आणि ही कामाची. दोन्हींना वेळ तेवढाच." आप्पांनी रिकामीशी वाटी हातात घेतली. "आपल्याकडे काळाच्या एका मापाला निमिष म्हणतात. निमिष म्हणजे पापणीची एक उघडझाप. ज्यांची पापणी लवतच नाही ते अनिमिष, म्हणजे देव. तुला देव व्हायचंय का गं? माणसाच्या डोळ्याला ओलावा लागतो आणि तो पापणीच फिरवते. तू त्या पडद्यापुढे दिवसाचे दहा तास अनिमिष बसतेस. डोळे कोरडे पडणार नाहीत तर काय होईल?"

चारुताला एकदम हुंदका आला. मग मात्र तिनं काही लपवलं नाही. वाळू, पसरलेली अक्षरं, दिनदर्शिका, बाबांचा दिवा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "म्हणजे हे नुसतं कोरडेपणानं होतंय ना? बाबांसारखं नाही ना होणार माझं?" तिनं लहान मुलीसारखं विचारलं.

आप्पांनी तिला 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी उशाखालून व्यापाऱ्याची प्रत काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'बाळाला रोज ९ थेंब.' शेजारी त्यांनी मूळ हिंदी कागद धरला. चारुतानं तो खिडकीपाशी नेला, डोळे मिचकावले, पुन्हा पाहिलं. तो नवाचा आकडा नव्हता. एकाचा होता.

ती मटकन खाली बसली. तान्हं बाळ आणि नऊ थेंब!

"चारू," आप्पा हळू आवाजात म्हणाले, "हा आकडा अंधूक आहे, असं तुला वाचताना वाटलं होतं?"

"वाटलं होतं. पण मला हल्ली सगळंच अंधूक दिसतं. कागद अंधूक की डोळा, हे कळेना. विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून..."

"म्हणून शंका अंगावर काढलीस. अगं, एका शब्दासाठी चारदा कोश उघडणारी तू, डोळ्याची शंका आली तेव्हा कुणाला विचारलंस? कोरडेपणा असेल, चष्मा लागला असेल, किंवा बाबांचं दुखणंही असेल. मला माहीत नाही. मी कोश नव्हे. तुला भीती उत्तराची वाटतेय, पण घात होतो तो न विचारल्यानं. मी चाळिशीत होतो तेव्हा मीही म्हणत होतो, थकलाय डोळा, पुस्तक संपलं की दाखवू. तीन पुस्तकं संपली." त्यांनी आपला डावा डोळा तळहातानं झाकला. "आता तू माझ्यासमोर आहेस का खिडकीत गेलीस, मला सांगता येत नाही. उजवा डोळा तीस वर्षांपूर्वीच गेला. म्हणून उजवीकडे कुणाला बसू देत नाही."

चारुता चार वर्षं त्यांच्या शेजारी बसत होती. तिला हे कधी कळलंच नव्हतं.

तिनं आधी नवाचा एक केला, ती ओळ तीनदा मोठ्यानं वाचून आप्पांना ऐकवली. मग दोघं डॉक्टरांकडे गेली. दोघं बाकावर बसली. आतून अजून नाव पुकारलं नव्हतं. पळून जावं असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं. धीर यावा म्हणून ती नकळत आप्पांच्या उजव्या बाजूला बसली होती आणि त्यांनी तिला उठवलं नव्हतं.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा डोळा तिच्या दिशेनं होता. त्याला ती दिसत नव्हती. आणि त्या डोळ्याचीही पापणी लवली. थोड्या वेळानं पुन्हा लवली. तीस वर्षं ती पापणी त्या न दिसणाऱ्या डोळ्याला न चुकता ओल पुरवत होती.

आतून हाक आली, "चारुता कोण?"

भय गेलं नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटले, उघडले आणि ती उठून आत गेली.