शेंदराखालची अक्षरं

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक हरकारा राहत होता. हरकारा म्हणजे राजाचं टपाल पायी पोचवणारा माणूस. सकाळी पत्रांची थैली पाठीला बांधायची, घुंगरं लावलेली काठी खांद्यावर टाकायची, खिंड चढून पलीकडच्या गावात पत्रं द्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, असं त्याचं काम. त्या राज्यात एक रीत होती. हरकाऱ्याची घुंगरं ऐकू आली की वाटेवरच्या प्रत्येकाने बाजूला व्हायचं, मग तो सावकार असो की सरदार. हरकाऱ्याच्या पाठीवर कोणाचा तरी निरोप असतो, म्हणून त्याला अडवायचं नाही.

हरकाऱ्याचा आपल्या कामावर भारी जीव. खिंडीच्या माथ्यावर उंबराखाली एक झरा होता. तिथे तो रोज घटकाभर टेकायचा, तोंडावर पाणी मारायचा, आणि एका बाजूला आपलं गाव, दुसऱ्या बाजूला पलीकडचं गाव, असं दोन्हीकडे डोळे भरून बघायचा. मग घोटभर पाणी पिऊन पुन्हा पळत सुटायचा. अठरा वर्षांत त्याने हा झरा कधी चुकवला नाही. बायको थट्टेने म्हणायची, की तुमची पहिली सोयरीक त्या झऱ्याशीच झालेली आहे, मी आपली नंतरची.

एके वर्षी त्याच्या मांडीत आतून मोठं गळू झालं. चालणं मुश्कील झालं, तेव्हा लोकांनी त्याला बैलगाडीत घालून नगरात नेलं. नगरात एक नावाजलेले शल्यवैद्य होते. त्यांच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांच्या वैद्यशाळेत कामाची एक पद्धत होती. मोठी जखम उघडली की रक्त टिपायला आत कापडाच्या पट्ट्या भराव्या लागत. एक पट्टी आत गेली की दोऱ्याला एक गाठ मारायची. पट्टी बाहेर आली की एक गाठ सोडायची. दोरा पुरता मोकळा झाला की मगच टाके घालायचे. नंतर तो दोरा रुग्णाची खूण कोरलेल्या लाकडी चकतीबरोबर खुंटीला टांगून ठेवायचा. हरकाऱ्याच्या चकतीवर घुंगरू कोरलं होतं.

त्या दिवशी हरकाऱ्याला गुंगीचं औषध दिलं, मांडी उघडली, गळू काढलं. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात राजवाड्यातून पालखी आली. राजाच्या मेहुण्याचं डोकं दुखत होतं. मेहुण्याचं डोकं म्हणजे काही साधंसुधं डोकं नव्हे. वैद्यराजांनी भराभर टाके घातले आणि हात पुसत पालखीत बसले.

जखम वरून भरली, पण पाय काही सुधारला नाही. मांडी आतून ठणकायची, गुडघा वाकायचा नाही, मधूनच ताप भरायचा. हरकारा तीनदा नगरात गेला. पहिल्या वेळी वैद्यराजांनी लेप दिला. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, की सांगितलेलं पथ्य पाळलंस का? तिसऱ्या वेळी ते म्हणाले, की अरे, तू घाईने चालायला लागलास, आता नशिबाला बोल लाव. गावातही तेच बोलणं सुरू झालं. एवढा मोठा वैद्य, तो कशाला चुकेल? यानेच काहीतरी केलं असणार. ऐकून ऐकून हरकाऱ्यालाही ते खरं वाटू लागलं आणि तो आपल्याच पायावर चिडू लागला.

घुंगरांची काठी दुसऱ्या हरकाऱ्याकडे गेली. आपला हरकारा घरी बसून अंबाडीचे दोर वळू लागला. दोर वळायला तो नेमका अशा जागी बसायचा, की समोर खिंड दिसेल. रोज तिसऱ्या प्रहरी माथ्यावरून घुंगरांचा आवाज यायचा आणि त्याचे हात थांबायचे. आवाज खाली उतरून गावात विरेपर्यंत तो तसाच बसून राहायचा. एकदा त्याने नव्या हरकाऱ्याला झऱ्याचं पाणी आणायला सांगितलं. तो बिचारा बांबूच्या नळीत भरून घेऊन आला. हरकारा ते हळूहळू प्यायला. पाणी तेच होतं, पण तिथला वारा नळीत भरून येत नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. आता त्या वैद्यशाळेच्या दाराशी एक उंच दगड होता. कोण्या जुन्या राजाने तो उभारला होता. रुग्ण आत जाताना दगडाला हात जोडत, बरे होऊन निघाले की तेल-शेंदूर लावत. दगड मोठा जागृत आहे असं लोक सांगायचे. पिढ्यान्‌पिढ्या एवढा शेंदूर चढला होता, की दगड जाडजूड आणि गुळगुळीत होऊन बसला होता. हरकाऱ्याच्या बायकोने नवस केला, की पाय बरा होऊ दे, सव्वाशेर शेंदूर वाहीन. पाय काही बरा झाला नाही, पण आधीच वाहिला तर दगडाला दया येईल असं तिला वाटलं. तिने शेंदराची पुडी देऊन नवऱ्याला चौथ्यांदा नगरात धाडलं.

चैत्रातलं ऊन तापलं होतं. हरकाऱ्याने दगडावर हात फिरवला आणि उन्हाने मऊ झालेला शेंदराचा भलामोठा पापुद्रा त्याच्या हातात आला. तो घाबरून गेला. हातून पाप घडलं असं समजून पापुद्रा परत चिकटवायला लागला, तर खाली त्याला अक्षरं दिसली. पत्रांवरची नावं वाचण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. हात थांबले आणि डोळे आपोआप वाचू लागले.

दगडावर लिहिलं होतं: ‘रुग्णाचा दोरा रुग्णाच्या मालकीचा. तो मागेल तेव्हा द्यावा. दोऱ्यात गाठ उरली असेल तर वैद्याने न्यायासनापुढे उत्तर द्यावे आणि रुग्णाची हानी भरून द्यावी. मागणे चोवीस पौर्णिमांच्या आत करावे.’

हरकाऱ्याने बोटं मोजली. तेवीस पौर्णिमा झाल्या होत्या. चोविसावी चार दिवसांवर होती.

तो लंगडत आत गेला आणि दोरे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे आपला दोरा मागितला. इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी दोरा मागितला नव्हता. तिने घुंगराची चकती शोधली आणि दोरा त्याच्या हातात ठेवला. दोऱ्याच्या मधोमध एक गाठ होती.

“मी त्या दिवशीच पाहिली होती,” बाई खाली मान घालून म्हणाली. “बोलायचं धाडस झालं नाही.”

हरकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं तो स्वतःच्या पायाला दोष देत होता. आपलं काही चुकलं नव्हतं, हे त्याला त्या एवढ्याशा गाठीने सांगितलं.

वैद्यराजांच्या कानावर गोष्ट गेली. ते स्वतः बाहेर आले, हरकाऱ्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे एक तपकिरी तट्टू बांधलं होतं. डोंगर चढणारं, शांत, पाठीवर मऊ खोगीर घातलेलं.

“तुला खिंडीत जायची ओढ आहे, हे मला ठाऊक आहे,” वैद्यराज म्हणाले. “हे तट्टू घेऊन जा. उद्या सकाळी तू झऱ्यावर असशील. दोरा तेवढा मला दे, आणि दगडाला पुन्हा शेंदूर लावून टाक.”

हरकाऱ्याने तट्टाच्या मानेवरून हात फिरवला. तट्टाने त्याच्या खांद्यावर नाक घासलं. खोटं कशाला बोला, त्याचं मन पार विरघळलं. उंबराची सावली, तोंडावरचं गार पाणी, दोन्हीकडची गावं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. न्यायासनापुढे काय होईल कोणी सांगावं? इथे तर लगाम हातात होता. त्याने लगाम धरलासुद्धा.

पण अंगणातून वैद्यशाळेची भिंत दिसत होती. भिंतीवर शेकडो दोरे टांगलेले होते. दोर वळणाऱ्या माणसाची नजर ती. लांबूनही त्याला तीन-चार दोऱ्यांत गाठी दिसल्या. एका चकतीवर घागर कोरली होती, एकीवर नांगर. ही माणसंही कुठेतरी बसून आपल्याच नशिबाला बोल लावत असतील.

त्याने लगाम सोडला.

“वैद्यराज,” तो म्हणाला, “अठरा वर्षांत मी कोणाचं पत्र दडवलं नाही. दगडावरचं पत्र तर सगळ्यांच्या नावाचं आहे. ते मी कसं दडवू?”

आणि दाराशी येऊन, तिथे बसलेल्या रुग्णांना त्याने दगडावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. बायकोने दिलेली शेंदराची पुडी तशीच त्याच्या कनवटीला राहिली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो न्यायासनापुढे उभा राहिला. वैद्यराज म्हणाले, की मी हजारो जीव वाचवले आहेत. न्यायाधीश म्हणाले, की त्याबद्दल राज्य तुमचं ऋणी आहे, आज प्रश्न एका पट्टीचा आहे. शेजारच्या राज्यातून दुसऱ्या वैद्याला बोलावलं. त्याने मांडी पुन्हा उघडली आणि कुजलेली पट्टी बाहेर काढून सगळ्यांसमोर ठेवली. ताप गेला, ठणका गेला. पण आतली शीर सुकून गेली होती. हा पाय आता चालेल, पळणार नाही, असं त्या वैद्याने सांगितलं.

न्यायाधीशांनी विचारलं, “तुला काय हवं?”

“पाय,” हरकारा म्हणाला.

न्यायाधीशांनी त्याच्या मांडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “तो माझ्याजवळ नाही रे बाबा. जे आहे तेवढं देतो.”

वैद्यराजांनी हरकाऱ्याला जन्मभर त्याचं वेतन द्यावं, उपचारांचा सगळा खर्च सोसावा, आणि दर महिन्याला एकदा डोली पाठवून त्याला खिंडीत न्यावं, असा निवाडा झाला. दगडावरचा शेंदूर खरवडून काढण्याचाही हुकूम निघाला. त्या वर्षी वैद्यशाळेत दोरे मागायला रांग लागली. घागरीवाली आली, नांगरवाला आला, आणि ज्याचं त्याचं उत्तर त्याला मिळालं. वैद्यराज काही दिवस फार रागावलेले होते. नंतर मात्र ते प्रत्येक गाठ सोडताना मोठ्याने मोजू लागले, आणि दोरा मोकळा झाल्याखेरीज राजवाड्याची पालखीही दारात ताटकळू लागली.

पहिल्या महिन्यात डोली आली. चार भोई हरकाऱ्याला घेऊन खिंड चढले. शेवटच्या वळणावर त्याने डोली खाली ठेवायला सांगितली आणि काठी टेकत उरलेली वाट स्वतः चालला. उंबर तसाच होता. त्याने झऱ्याचं पाणी तोंडावर मारलं, दोन्हीकडची गावं बघितली, वारा छातीत भरून घेतला. दोन वर्षं ज्यासाठी जीव तळमळला होता ते सगळं तिथे होतं. फक्त तिथून पुढे पळत सुटायचं तेवढं राहिलं होतं.

इतक्यात खालून घुंगरं वाजली. नवा हरकारा पळत येत होता. आवाज जवळ आला तशी हरकाऱ्याने आपली काठी उचलली आणि रीतीप्रमाणे तो वाट सोडून बाजूला उभा राहिला. अठरा वर्षं लोक त्याच्यासाठी बाजूला झाले होते. आज पहिल्यांदाच तो झाला. नवा हरकारा वाऱ्यासारखा समोरून निघून गेला आणि घुंगरं पलीकडच्या उतारावर ऐकू येईनाशी होईपर्यंत आपला हरकारा तिथेच, ओल्या चेहऱ्याने, उभा होता.

या गोष्टीचं तात्पर्य ध्यानात ठेवा: जो नियम आपल्यासाठी लिहिला आहे, त्याला हात जोडण्याआधी तो वाचावा, आणि गेलेलं परत मिळणार नसलं, तरी हक्काचं उत्तर वेळेत मागावं, कारण ते आपल्याआधी न मागू शकलेल्यांनाही मिळतं.